नोर्झिनची वाटी

तो माणूस भर उन्हातून आला होता, पण त्याच्या बुटांवर धूळ नव्हती.

माझी नजर आधी तिथंच गेली. आमच्या झाडीपट्टीत वैशाखात मुरमाच्या रस्त्यानं थोडं चाललं तरी माणूस गुडघ्यापर्यंत लाल होतो. फाट्यापासून तिबेटी कॅम्पापर्यंत तर चांगली तंगडतोड आहे. म्हणजे याला कुणीतरी वळणापर्यंत गाडीनं आणून सोडलं होतं, आणि ती गाडी आम्हाला दिसू नये अशी त्याची इच्छा होती. मी नाटकातली बाई. कोण खरं रडतो आणि कोण डोळ्याला ग्लिसरीन लावतो, हे विंगेतून बघण्यात माझी हयात गेली. मला फसवणं सोपं नाही.

नोर्झिनच्या पडवीत आम्ही तिघी होतो. नोर्झिन लोकरीचा गुंता सोडवत होती. तिची एकुलती एक पोरगी देकी, नुकतीच मॅट्रिक झालेली, गुंडे करत होती. मी नुसती बोलत होते, कारण लोकरीचं काम मला येत नाही आणि बोलायचं येतं.

माणूस वाकून नमस्कार करून बसला. काठमांडूचा व्यापारी आहे म्हणाला, एवढं मला कळलं. पुढचं सगळं त्यांच्या भाषेत. आवाज मऊ, लोण्यासारखा. देकीनं मिठाचा चहा आणून ठेवला. हे लोक चहात लोणी आणि मीठ घालतात. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी कढी बिघडवली. नंतर सवय झाली.

तो बोलत होता आणि नोर्झिन मान हलवत होती, पाहुण्याशी बोलावं तशी. मग त्यानं बोट वर करून तिच्या मागच्या फळीकडं दाखवलं. त्या फळीवर घरातल्या लाकडी वाट्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकाची आपापली. त्यानं आपल्या तळहातावर बोटानं एक वाकडी रेघ ओढली, भेगेसारखी. नोर्झिनच्या हातातली लोकर खाली पडली. तिनं एकच शब्द विचारला, पुन्हा विचारला, पुन्हा विचारला. तो दरवेळी हो म्हणून मान हलवत होता.

तो गेला तेव्हा त्याचा चहा तसाच होता. वर लोण्याची साय धरली होती.

"कोण होता वो तो मुडदा?" मी विचारलं. "चहाले तोंड नाई लावलं त्यानं. खाल्ल्या मिठाला जागावं लागते, म्हणून नाई प्याला, मी सांगतो तुले."

"गिरजा, तू आता घरी जाय," नोर्झिन म्हणाली. "उद्या बोलतो."

आमच्याकडं बायासुद्धा 'मी येतो, मी बोलतो'च म्हणतात. नाटकात शुद्ध बोलून बोलून माझी जीभ पुण्याची झाली, पण घरी ती झाडीचीच राहिली. आणि नोर्झिन तर मराठी शिकली ती आमच्या बाजारातच.

नोर्झिन कोण, हे आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही म्हातारी एका स्वेटर विकणाऱ्या बाईचं काय घेऊन बसली. अहो, स्वेटर विकायची ती हिवाळ्यात, नागपूरच्या फुटपाथवर. पण तिच्या देशाच्या माणसांत तिचं नाव काढलं की माणसं हातातलं काम थांबवायची. दिल्लीत रेडिओवर गायली. परदेशात जाऊन मोठमोठ्या नाटकगृहांत गायली. तिच्या कॅसेटी मिठाच्या पोत्यांत लपवून डोंगरापलीकडं जायच्या, आणि तिकडं लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. कारण तिकडं ती कॅसेट सापडली की माणूस आत. विशेषकरून घोडीच्या गाण्याची. ते गाणं तिनं मला मराठीत सांगितलं होतं:

पांढऱ्या आयाळीची घोडी माझी,
लगाम तुमच्या हाती असेल,
वाट तिच्या पायांना पाठ आहे.

मी म्हटलं, यात काय एवढं? घोडीचं तर गाणं आहे. ती म्हणाली, "लगाम कोणाच्या हाती, हे तिकडच्या लेकराले पण समजते."

मेंढ्या आणि याक चारणाऱ्यांची ती पोर. बापाबरोबर बर्फातून पळून आली तेव्हा देकीएवढीही नव्हती. माय मागं राहिली, आजीला सोडून निघता येईना म्हणून. पुढं सरकारनं या लोकांना आमच्या जंगलात जमीन दिली. बर्फातली माणसं, आणि आणून बसवली कुठं, तर जिथं उन्हाळ्यात वानरंसुद्धा झाडाखाली उतरतात तिथं! नोर्झिनचा बाप आणि नंतर नवरा, दोघंही इथल्या तापानं गेले. ही मात्र टिकली.

आमची ओळख मंडईत झाली. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. माझा आवाज बसला होता आणि मी दुपारी तंबूमागं घसा ताणत होते. शेजारी हिचं स्वेटरचं दुकान. ही मला म्हणते, "कायले वरडून रायली? पोटातून काढ." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तू स्वेटर विक." तिनं हातातला स्वेटर खाली ठेवला आणि उभी राहून गायली. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. वर अडकलेली माणसंसुद्धा ओरडली नाहीत. तेव्हापासून मी तिची झाले.

वाटीची गोष्टही तेव्हाचीच. पहिल्या हिवाळ्यात ती नागपूरला गेली आणि मी शहाणपणा करून देकीचं बघायला गेले. पोर तेव्हा लहान. फळीवर एक वाटी काठोकाठ भरलेली, वर लोणी थिजलेलं. म्हटलं, काय गबाळी बाई आहे! उचलली आणि हापशावर राखेनं घासायला घेतली. तर शेजारचा वांगडू म्हातारा असा बोंबलत धावत आला की मला वाटलं, घराला आग लागली. त्यानं वाटी माझ्या हातातून ओढून घेतली, पुसली, भरली आणि फळीवर ठेवली तेव्हा कुठं त्याचा श्वास खाली बसला.

नोर्झिन आल्यावर पोट धरून हसली. मग तिनं सांगितलं. घरचं माणूस दूर निघालं की त्याची वाटी भरून ठेवायची. जाणाऱ्यानं ती प्यायची नाही. घरच्यांनी रोज ओतायची, रोज ताजी भरायची. वाटी भरलेली आहे म्हणजे माणूस परत यायचा आहे.

"अन् नाई आला तं?"

"मेलेल्याची वाटी पालथी घालतेत," ती म्हणाली. "मंग कोणी वाट नाई पाहत."

मी म्हटलं, आमच्याकडंही निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. आणि माणूस गेल्यावर लगेच केर काढत नाहीत. "मंग तं तू आमच्यातलीच," ती म्हणाली, आणि मला मिठाचा चहा पाजला.

तर तो बुटांवर धूळ नसलेला माणूस येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरल्यावर, आम्ही धरणाच्या पाळीवर जाऊन बसलो. पाणी पार आटलं होतं. बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे वर आले होते.

"माझी माय जिवंत आहे," नोर्झिन म्हणाली.

मला आधी आनंदच झाला. मग तिचं तोंड पाहिलं आणि तो आनंद आतल्या आत गिळला.

"त्याचा काय भरोसा?"

"त्यानं माझी वाटी पाहिली. तिकडची, लहानपणची. कडेले चीर आहे अन् बापानं ते चांदीच्या तारेनं शिवली होती. घरच्या माणसाशिवाय कोणाले ठाऊक नाई ते." तिनं तळहातावर तीच वाकडी रेघ ओढली. "गिरजा, मी निघालो त्या दिवसापासून माय रोज ते वाटी भरते. डोळे गेले तिचे. तरी भरते. बोट बुडवून पाहते, भरली का नाई."

 मी सरकून तिच्याजवळ बसले.

"अन् त्या माणसाले काय पाहिजे? फुकट का सांगाले आला तो?"

"उन्हाळी जत्रा असते तिकडं. तिथं गायचं. माइकवर."

"कोणतं गाणं?"

"ते देतीन ते. आम्ही इथं सुखात आहो, असं काहीतरी."

"अन् घोडीचं?"

ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. मी तिचा हात धरला. "बाई, हा फास आहे. तुझा आवाज पाहिजे त्यायले. एकडाव हातात आली का सोडतीन का तुले? ताकाला जाऊन भांडं लपवून रायला तो माणूस, अन् तुले दिसत नाई?"

"दिसते ना. मी का लेकरू आहो?"

"मंग?"

"तुझी माय आंधळी होऊन तुझ्या वाटीत बोट बुडवत असती, तं तू थांबली असती?"

 मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली उत्तरं पाठ करून बोलले. याचं उत्तर कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

कॅम्पात बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार! वांगडू म्हातारा तरुणपणी घोड्यांचा सौदागर होता, तो काठी टेकत आला आणि तिच्या पडवीत मांडी ठोकून बसला. तिकडून पळून आलेल्या एका वाद्य वाजवणाऱ्याची गोष्ट त्यानं सांगितली. त्यालाही असाच निरोप आला होता, भाऊ आजारी आहे म्हणून. तोही गेला. पुढं एका यात्रेकरूबरोबर त्याची टोपी तेवढी आली. कुणी पाठवली, का पाठवली, काही कळलं नाही. नुसती टोपी.

"घोडा सापळ्याकडं जात नाई," म्हातारा म्हणाला. "त्याले पिलाचा आवाज ऐकवावा लागते."

नोर्झिन त्याला चहा ओतत राहिली.

देकीनं मात्र घर डोक्यावर घेतलं. आठवडाभर आईशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा अशी की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मी तिथंच होते.

"तुले तुझी माय पाहिजे. अन् माझी माय कोठी आहे?" ती ओरडली. "तू जाय! खुशाल जाय! मीपण तुझी वाटी भरीन रोज. मीपण आंधळी होईन. बोट बुडवून पाहीन. मंग कोणीतरी येईन अन् मलेपण घेऊन जाईन!"

पोरीनं रागात म्हटलं. रागात माणूस काय वाटेल ते म्हणतो. पण नोर्झिनचा चेहरा मी पाहिला. मघापर्यंत ती पोरीचं ऐकून घेत होती, पण आता तिच्या तोंडचं रक्तच उतरलं. ती फळीकडं बघत राहिली. मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, चला, पोरीनं जिंकलं. आता नाही जायची ही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गाणं बंद केलं. चुलीपाशी, हापशावर, लोकर उकलताना ती सतत काहीतरी गुणगुणायची, ते थांबलं. घर कसं ओसाड वाटायला लागलं. तिचा पोवळ्याचा सर तिनं देकीच्या गळ्यात घातला. कारण काय, तर म्हणे प्रवासात हरवेल. नागपूरच्या दुकानाची जागा कुणाकुणाच्या ओळखीनं मिळते ते पोरीला बसून समजावलं. 

"गिरजा," एकदा ती म्हणाली, "देकीले सांभाळशीन."

"तू येशीनच ना महिन्यादीडमहिन्यात."

"तिले कोणी बोलवाले आलं तं..." एवढं बोलून ती थांबली.

"तं काय?"

"काही नाई. तिले समजन तेव्हा."

निघायच्या दिवशी सकाळी गाडी थेट कॅम्पाच्या कमानीपाशी येऊन उभी राहिली. पांढरी जीप. आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. तो माणूस पुढं बसला होता. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

सगळा कॅम्प जमला होता. एकेकानं येऊन नोर्झिनच्या गळ्यात पांढरं रेशमी वस्त्र घातलं. निघणाऱ्याला घालतात तसं. लग्नातही घालतात आणि प्रेतालाही घालतात, पण तेव्हा ते मनात आणायचं नाही म्हणून मी रामराम जपत होते. देकीनं आपला राग विसरून चहा घुसळला. मी डोळ्यांनी पाहिलं, तिनं आईची वाटी फळीवरून काढली, काठोकाठ भरली, सांडू नये म्हणून श्वास रोखून फळीवर ठेवली. माझा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही सगळे बाहेर थांबा," नोर्झिन म्हणाली. "मी देवाले नमस्कार करून येतो."

आम्ही बाहेर थांबलो. जीपवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. ती बाहेर आली ती कमरेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या एप्रननं तोंड पुसत. मला वाटलं, रडली असेल. तिनं देकीच्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिली, तिसरा भोंगा वाजेपर्यंत.

मग माझ्याकडं आली.

"येतो म्हण," मी म्हटलं.

तिनं माझा हात हातात घेतला. "गिरजा, तू लय बोलते," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही कमानीपाशी उभे होतो. मी बायांना ओरडून सांगितलं की आज कुणी तिचं घर झाडायचं नाही. तेवढ्यात पुढं घरी गेलेल्या देकीची किंकाळी आली.

फळीवर नोर्झिनची वाटी पालथी होती.

चहा सांडलेला नव्हता. वाटी पिऊन रिकामी केलेली, फडक्यानं स्वच्छ पुसलेली, आणि इतक्या काळजीनं पालथी ठेवलेली की फळीवर थेंबाचाही डाग नव्हता. देकी ती सुलटी करायला धावली. वांगडू म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं. एवढा जोर त्याच्यात कुठून आला कोण जाणे.

"तिची वाटी तिनं ठेवली," तो म्हणाला. "दुसऱ्यानं हात लावायचा नाई."

"जित्या माणसाची वाटी पालथी कशी?" देकी ओरडत होती. "मावशी, त्याले सांग ना! जित्या माणसाची कशी?"

 मी तिला जवळ ओढून पडवीत नेलं.

नोर्झिन परत आली नाही. महिने गेले, वर्षं गेली. एका यात्रेकरूनं सांगितलं, जत्रेत तिला माइकपुढं उभं केलं होतं आणि तिनं त्यांचं गाणं न गाता घोडीचं गाणं सुरू केलं. माइक बंद केला, तरी ती गात होती, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. हे खरं असणार, कारण तिचा आवाज पोटातून यायचा. त्यानंतरचं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तिला माय भेटली का, तेही नाही.

खोटं कशाला बोलू, मला तिचा फार राग आला. जायचं तर जा बाई, पण पोरीसाठी वाटी तरी भरलेली ठेव! वाट पाहण्यात माणसाचे दिवस निघतात. देकीला तर तेवढंही ठेवलं नव्हतं. ती म्हणायची, "मायनं मले आसपण ठेवू नाई देल्ली." पालथ्या वाटीवर धूळ बसायची. देकी फळी पुसायची आणि वाटीभोवतीची जागा तेवढी सोडायची.

ती आईच्याच दुकानात बसली. लग्न केलं, मुलं झाली, ती मोठी होऊन परदेशात नोकरीला लागली. वांगडू म्हातारा वारला त्या वर्षी, त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला, देकी एकाएकी उभी राहिली आणि आईचं घोडीचं गाणं गायली. मी पुढंच बसले होते. माझ्या अंगावर काटा आला. आवाज तोच. मग तिला बोलावणी यायला लागली. आता कॅसेट गेल्या, मोबाइल आले. तिचं गाणं मिठाच्या पोत्याशिवायच डोंगरापलीकडं जायला लागलं. मला ते कळलं तेव्हा कौतुक वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी भीती.

आणि मागच्या वैशाखात, मी देकीच्या पडवीत पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसले होते, तेव्हा कमानीकडून एक माणूस चालत आला. तरुण, हसरा, पाठीवर पिशवी. मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. बुटांकडं पाहिलं.

धूळ नव्हती.

माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

हा हिंदीत बोलत होता, म्हणून मला सगळं कळलं. दिल्लीहून आलोय म्हणाला. देकीच्या गाण्याची तोंड भरून स्तुती केली. देकीनं त्याच्यापुढं मिठाचा चहा ठेवला. त्यानं पेला बाजूला सरकवला आणि आवाज हळू केला.

"तुमच्या आई जिवंत आहेत."

देकी हलली नाही.

"फार थकल्यात. डोळ्यांना दिसत नाही. पण रोज तुमची वाटी भरून ठेवतात. बोट बुडवून पाहतात, भरली की नाही."

माय वो! नाटक तेच, संवाद तोच, नुसता नट बदललेला.  मी देकीकडं बघत होते. तिचे डोळे फळीकडं गेले होते, त्या पालथ्या वाटीकडं. आईसारखीच बघत होती, अगदी तशीच, आणि मला वाटलं, ही चालली. हीसुद्धा चालली.

देकी उठली. फळीपाशी गेली. तिनं हात वर केला आणि मी डोळे मिटून घेतले.

"चहा घ्या," तिचा आवाज आला.

डोळे उघडले तर ती वाटीला हात न लावताच परत येऊन बसली होती.

"नको, आत्ताच घेतलाय," तो म्हणाला.

"मिठाचा आहे. घ्या."

त्यानं पेल्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"माझी आई मेली," देकी म्हणाली. "इथून निघाली त्याच दिवशी मेली. ती पाहा तिची वाटी. तिनं स्वतः पालथी घातली. अन् माझा जन्म या कॅम्पातला. तिकडं माझी वाटीच नाही. माझी माय माझी वाटी भरत बसणारी बाई नव्हती."

"एकदा विचार करा," तो तसाच हसत म्हणाला. "म्हातारं माणूस. किती दिवसांचा सोबती? मी पुन्हा येईन."

"या," देकी म्हणाली. "चहा असाच मिळेल."

तो गेला. वळणापलीकडं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. देकी त्याचा थंड चहा समोर घेऊन बसून राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले.

"मावशी, इतके वर्सं मी तिले शिव्या देल्या," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं ना तिले, मीपण वाटी भरीन, मलेपण कोणी घेऊन जाईन. तिनं ऐकलं होतं. भरलेल्या वाटीनंच तिले ओढून नेलं, म्हणून माझ्यासाठी भरलेली वाटी ठेवलीच नाई तिनं."

मी सरकत सरकत तिच्याजवळ गेले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. केस पिकलेली पोर ती, पण माझ्या मांडीवर मावली.

"तुले समजन तेव्हा, असं म्हणाली होती मले," मी म्हटलं. "जायच्या आधी."

 मग माझ्या लुगड्यात तोंड खुपसून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात तिनं विचारलं, "अन् मावशी, माय खरंच जिवंत असन तं?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न ती विचारणार नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्यापुढं असा प्रश्न आला, आणि या वेळी मात्र मला उत्तर द्यायलाच हवं होतं.

"जिवंत असन, पोरी," मी तिच्या केसांतून हात फिरवत म्हटलं, "तं आज तिले सुखाची झोप लागन."